कार्टूनातला सिंह रंगमंचावर कसा चालला?



आजचा विषय नातवंडांचा आहे, पण आजी-आजोबांनी पान उलटू नये. उलट हे पान मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे ज्या मुलांना मराठी समजते पण वाचता येत नाही त्यांचीही सोय होईल. विषय असा की, कार्टून सिनेमांवरून जी मोठमोठी संगीत नाटके निघतात, त्यांतली काही वर्षानुवर्षे चालतात आणि काही वर्ष-दीड वर्षात गाशा गुंडाळतात. सिनेमा गाजलेला, गाणी सगळ्यांच्या तोंडी, पैसा ओतणारी कंपनीही पुष्कळदा एकच. मग एकापुढे रांगा आणि दुसऱ्यापुढे रिकाम्या खुर्च्या, हे कसे काय?

आधी थोडे आकडे सांगतो. 'द लायन किंग' हा सिनेमा १९९४ साली आला. त्याचे नाटक १९९७च्या जुलैत अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात पहिल्यांदा झाले आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर आले. ब्रॉडवे म्हणजे तिथली नाटकांची पेठ, असे समजा. तेव्हापासून ते आजतागायत चालू आहे. लंडनला १९९९च्या ऑक्टोबरात लागले, तेही चालूच आहे. 'ब्यूटी अँड द बीस्ट' हे त्याच्याही आधीचे. ते ब्रॉडवेवर १९९४पासून २००७पर्यंत चालले, एकंदर ५,४६१ प्रयोग. आता दुसरी बाजू बघा. 'टारझन' मे २००६मध्ये उघडले आणि जुलै २००७मध्ये ४८६ प्रयोगांवर बंद पडले. 'द लिटिल मर्मेड', म्हणजे आपली जलपरी, २००८च्या जानेवारीत आली आणि २००९च्या ऑगस्टात ६८५ प्रयोग करून गेली. 'श्रेक'चे झाले ४४१. आता ४४१ प्रयोग म्हणजे आपल्याकडच्या नाटक मंडळींनी पेढे वाटले असते! पण तिथे आठवड्याला आठ प्रयोग होतात आणि खर्च इतका अफाट असतो की एवढ्याने मुद्दलही वसूल होत नाही.

कोणी म्हणेल, हा सगळा जाहिरातीचा खेळ. जाहिरात असते, नाही कशाला म्हणा. डिस्ने कंपनीने न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावरचे १९०३ सालचे न्यू ॲम्स्टरडॅम थिएटर, जे अगदी पडीक झाले होते, ते दुरुस्त करून १९९७ साली उघडले आणि तिथे सिंह आणून बसवला. एवढा पैसा दुसऱ्या कोणाजवळ होता? आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येणार, मुलांना गाणी आधीच पाठ, हेही खरे. पण नाव टारझनचेही माहीत होते आणि जलपरीचेही. नावावर पहिले काही महिने तिकिटे खपतात. पुढे एकाने दुसऱ्याला सांगावे लागते, "जा, बघून ये." ते सांगणे जाहिरातीने होत नाही.

मग कशाने होते? आमच्या मते पहिली गोष्ट गाण्याची.

आपल्या मराठी माणसाला संगीत नाटक काही नवीन नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात शाकुंतल आणले तेव्हापासून आपण नाटकात गाणे ऐकत आलो. आमचे वडील सांगत, बालगंधर्वांच्या एकेका पदाला इतके वन्समोअर मिळत की पहाट व्हायची. पण त्या गाण्यात कथा थांबून राहायची. नायिका गाते आहे तोवर नायक बाजूला उभा, आणि लोकही खुशीने थांबायचे. ब्रॉडवेची रीत वेगळी आहे. तिथे गाणे सुरू होताना माणूस एका जागी असतो आणि गाणे संपताना दुसऱ्या जागी पोचलेला असतो. गाण्यातच त्याने काहीतरी ठरवलेले असते, कबूल केलेले असते, नाहीतर भांडण तरी उकरून काढलेले असते. ते गाणे काढून टाकले तर पुढची गोष्ट कळतच नाही.

ही रीत कार्टून सिनेमात आणणारा माणूस म्हणजे हॉवर्ड ॲश्मन. ह्याचे नाव मुलांना माहीत नसते, पण त्याची गाणी माहीत असतात. हा मूळचा नाटकवाला. एका माणसे खाणाऱ्या झाडावरचे त्याचे विनोदी संगीत नाटक न्यूयॉर्कच्या एका छोट्या थिएटरात १९८२ साली गाजले होते. गाण्यांचे शब्द तो लिही आणि चाली ॲलन मेंकेन लावी. डिस्नेने दोघांना बोलावले आणि १९८९मध्ये 'द लिटिल मर्मेड' सिनेमा झाला. ॲश्मनचे म्हणणे असे की, सुरुवातीलाच नायिकेने एका जागी बसून आपल्याला काय हवे आहे ते गाऊन सांगावे. एकदा तिची इच्छा कळली की बघणारा तिच्या बाजूचा होतो. त्या सिनेमात जलपरी तसे गाते. आधी थोड्या लोकांना सिनेमा दाखवून पाहिला तेव्हा त्या गाण्याला मुले चुळबुळ करू लागली. स्टुडिओतले मोठे साहेब म्हणाले, गाणे काढून टाका. ॲश्मन हटून बसला आणि गाणे राहिले. आज त्या सिनेमातून दुसरे काही आठवले नाही तरी ते गाणे आठवते.

पुढे 'ब्यूटी अँड द बीस्ट' करताना कॅलिफोर्नियातल्या मंडळींना न्यूयॉर्कजवळच्या फिशकिल गावातल्या एका हॉटेलात येऊन काम करावे लागे. आपल्याला एवढ्या लांब का बोलावतात, हे बहुतेकांना कळत नव्हते. ॲश्मनला एड्स झाला होता. १९८८मध्ये निदान झाले आणि त्याने ते कामावर लपवून ठेवले. त्याच्या जोडीदार संगीतकाराला, मेंकेनलासुद्धा, त्याने १९९०मध्ये ऑस्कर मिळाल्यानंतर सांगितले. शेवटी दृष्टी गेली, आवाज गेला, तरी बिछान्यावरून गाण्याचे शब्द चालूच होते. १४ मार्च १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात तो वारला. वय ४० वर्षे. सिनेमा त्याच नोव्हेंबरात पडद्यावर आला, त्याला पाहायला मिळाला नाही.

आम्ही त्या वर्षांत नर्सिंग केले आहे, म्हणून ह्या माणसाविषयी दोन ओळी जास्त लिहितो. तेव्हा औषध म्हणजे जवळजवळ एकच, एझेडटी. तीन-तीन औषधे एकत्र द्यायला लागले ते १९९६च्या सुमारास, आणि मग लोक जगू लागले. त्या आधी असा पेशंट आला की जेवणाचे ताट दारातच ठेवून पळणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. कोणत्या हॉस्पिटलात ते नाव घेत नाही. एका शापामुळे सगळ्यांनी टाकलेला, खोलीत बंद झालेला प्राणी आणि त्याच्याजवळ न भिता बसणारी मुलगी, ह्या गोष्टीची गाणी त्या माणसाने त्या आजारपणात लिहिली. लहान मुलांना हे सांगायलाच हवे असे नाही. पण त्या गाण्यांना इतके वजन का, ह्याचे आम्हाला तरी नवल वाटत नाही.

१९९१ साली न्यूयॉर्क टाइम्सचे नाट्यसमीक्षक फ्रँक रिच ह्यांनी लिहिले की, ह्या वर्षीचे ब्रॉडवेचे सगळ्यात चांगले संगीत नाटकात नसून ह्या कार्टूनात आहे. म्हणजे सिनेमा आतून आधीच नाटक होता! तो रंगमंचावर आणायला मग डिस्नेला वेळ लागला नाही. सिनेमातून गाळलेले ॲश्मनचे एक गाणे नाटकात परत घेतले, आणि कमी पडली ती नवी गाणी टिम राइसने लिहिली.

पण आणताना एक अडचण आली आणि त्या अडचणीतूनच नाटकाचे भले झाले. सिनेमात राजवाड्यातले नोकर शापाने चहाची किटली, घड्याळ, मेणबत्तीचा दिवा झालेले असतात. चित्रात किटली बोलली तर काही बिघडत नाही. पण रंगमंचावर किटलीएवढा नट कुठून आणायचा? तेव्हा नाटक लिहिणाऱ्या लिंडा वूल्व्हर्टन बाईंनी, सिनेमाही त्यांनीच लिहिला होता, असे केले की नोकर अजून पुरते वस्तू झालेले नाहीत, रोज थोडे थोडे होत आहेत. आज पाठीला किल्ली फुटली, उद्या हात कडक झाला. नट माणसाच्या आकाराचे राहिले आणि वर भीती वाढली. वेळेत शाप उतरला नाही तर ही माणसे कायमची लाकूड-पितळ होणार! कप झालेला लहान मुलगा मात्र तसाच ठेवला, ढकलगाडीवर कपातून नुसते डोके बाहेर, बाकी शरीर लपवलेले. मुलांना तो फार आवडतो म्हणे.

बरे, गाणी चांगली म्हणून नाटक चालले असे म्हणावे तर जलपरीचे काय? तिची गाणीही ॲश्मनचीच, आणि आमच्या मते त्याची सगळ्यात गोड. पण तिथे अडला तो समुद्र. कार्टूनात पाणी काढायला कागद आणि रंग पुरतात. रंगमंचावर मासे पोहताना दाखवायचे म्हणून नटांना चाकाचे बूट घातले आणि ते इकडून तिकडे घसरू लागले. पाण्यासाठी प्लास्टिकच्या चकचकीत वस्तू केल्या. लोकांना पाणी दिसण्याऐवजी चाकेच दिसली. आता गंमत अशी की हेच नाटक, थोडे बदलून, अमेरिकेतल्या शाळांतून पुष्कळ केले जाते. शाळेत पैसा नसतो. तिथली मुले निळे कापड हलवतात आणि म्हणतात, हा समुद्र. कोणी शंका काढत नाही.

टारझनचे दुखणे दुसरे. सिनेमात बहुतेक गाणी फिल कॉलिन्स बाहेरून गातो, टारझन झाडावरून घसरत असतो. म्हणजे गाणे आणि गोष्ट शेजारी शेजारी, पण हातात हात नाही. नाटकात तीच गाणी पात्रांच्या तोंडी घातली आणि ती उपऱ्यासारखी वाटू लागली. राहता राहिले झाडावरून झोके घेणे. ब्रॉडवेवर ते हिरव्या पेटीसारख्या रंगमंचाच्या आत झाले. पण जर्मनीत हॅम्बुर्गला नट दोरांवरून थेट लोकांच्या डोक्यांवरून उडत गेले आणि तिथे तेच नाटक २००८पासून २०१३पर्यंत चालले! डोक्यावरून माकडे जायला लागली तर कोण झोपेल?

आता सिंहाकडे वळू. ह्या सिनेमात एकही माणूस नाही. सगळे प्राणी, सगळे रान, रानगायींचा हजारोंचा कळप. अशा सिनेमाचे नाटक होईल असे कोणाला वाटले असते? ते काम दिले ज्युली टेमोर ह्या बाईंना. ह्या बाई तरुणपणी, १९७०च्या दशकात, काही वर्षे इंडोनेशियात राहिल्या होत्या. मुखवटे, सावल्यांच्या बाहुल्या, कळसूत्री हे सगळे त्यांनी तिथल्या कलावंतांत राहून पाहिले होते. त्यांनी ठरवले की नटाला प्राण्याच्या कातड्यात लपवायचे नाही. सिंहाचा मुखवटा नटाच्या डोक्याच्या वर, आणि खाली माणसाचा चेहरा उघडा. बापसिंहाचा मुखवटा दिसायला लाकडाचा भक्कम, पण वजन सुमारे ३०० ग्रॅम. जिराफ म्हणजे हातापायांना चारी काठ्या बांधून चालणारा माणूस, उंची १४ फूट. हत्तीच्या चार पायांत चार माणसे. गवताचे रान म्हणजे डोक्यावर गवताचे ताट घेऊन चालणारे नाचे. मुंगूस नाचवणारा माणूस हिरवे कपडे घालून त्याच्या मागे सरळ उभा असतो, लपायचा प्रयत्नच नाही.

आम्ही हे नाटक लंडनला लायसियम थिएटरात पाहिले, भाचीकडे गेलो होतो तेव्हा. तिकीट महाग होते, पुढच्या महिन्याचा हिशेब मनात चालू होता. पडदा उघडतो, एक बाई झुलू भाषेत हाक घालते आणि प्राणी रंगमंचावरून येण्याऐवजी आपल्या खुर्च्यांमधल्या वाटेने येऊ लागतात. हत्ती अगदी कोपराजवळून गेला. पायातला माणूस दिसत होता, त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि तरी तो हत्तीच होता. आमच्या शेजारी एक म्हातारे इंग्रज गृहस्थ होते, ते रुमाल काढून डोळे पुसत होते. हिशेब आम्ही विसरलो.

दुष्काळ कसा दाखवला माहीत आहे? रंगमंचाच्या मध्यभागी निळ्या रेशमाचा गोल पसरलेला असतो, तो पाणवठा. ते रेशीम हळूहळू मधल्या भोकातून खाली ओढून घेतात. पाणी लहान होत होत नाहीसे होते. झाले, दुष्काळ. बापसिंह मेल्यावर सिंहिणी रडतात तेव्हा डोळ्यांतून पांढऱ्या फिती ओढून काढतात. रानगायींचा कळप धावतो तो मागे फिरणाऱ्या रुळांवर, लांबच्या रुळावर लहान गायी, जवळच्या रुळावर मोठ्या, आणि अगदी पुढे मुखवटे घेतलेले नाचे. सिनेमात हा कळप संगणकावर केला होता. रंगमंचावर तो रुळांनी आणि ढोलांनी केला, आणि भीती कमी वाटली नाही.

माणूस दिसत असून प्राणी कसा दिसतो, हे कोणाला अवघड वाटेल. आम्हाला वाटत नाही. लहान मुलांच्या वॉर्डात काम केलेल्या कोणत्याही नर्सला विचारा. औषध घ्यायला मूल तोंड उघडत नाही, तेव्हा आम्ही हातमोजा फुगवून गाठ मारायचो आणि पेनने डोळे-चोच काढायचो. बोटांचा झाला तुरा, झाला कोंबडा! कोंबडा म्हणायचा, "आ कर." मूल आ करायचे. त्या मुलाला काय नर्स दिसत नव्हती? पुरती दिसत होती. मोजा कुठल्या खोक्यातून काढला तेही त्याने पाहिलेले असायचे. तरी ते कोंबड्याशीच बोलायचे, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला विचारायचे, कोंबडा जेवला का? बालमित्रांनो, घरी मोजा मिळाला तर करून बघा, मात्र आधी आईला विचारा. आणि आजोबांनो, बालगंधर्व पुरुष आहेत हे सगळ्या थिएटराला माहीत होते ना? तरी बायका त्यांच्यासारखी पातळे नेसायला शिकल्या.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, जे नाटक कार्टूनाची हुबेहूब नक्कल करू जाते ते हरते, कारण चित्राइतके चित्र कोणीच होऊ शकत नाही. जे नाटक बघणाऱ्याला थोडे काम देते ते चालते. रेशमाचे पाणी करायचे काम बघणाऱ्याचे. ते त्याने स्वतः केलेले असते, म्हणून घरी जाऊन तो दुसऱ्याला सांगतो.

सिंहाच्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांना लवकर कळेल. सिनेमातली मुख्य गाणी एल्टन जॉन आणि टिम राइसची. पण नाटकात जे समूहगान भरले आहे त्यातले पुष्कळसे लेबो एम ह्यांचे. हे दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोचे. तिथे वर्णभेदाचे राज्य असताना १९७९मध्ये, ऐन पोरवयात, ते देश सोडून निघाले. सिनेमाच्या वेळी त्यांच्या आवाजाने सुरुवात झाली, नाटकाच्या वेळी झुलू, खोसा, सोथो अशा भाषांतली गाणी त्यांनी आत आणली. न्यूयॉर्क-लंडनच्या लोकांना त्यातला एक शब्द कळत नाही. कोणी भाषांतर करून देत नाही, आणि कोणी मागतही नाही. शिवाय सिनेमात जो म्हातारा माकड-वैदू पुरुष होता, तो टेमोरबाईंनी नाटकात बाई केला. इतक्या गोष्टीत एकही दमदार बाई नव्हती, हे त्यांच्या लक्षात आले. १९९८मध्ये नाटकाला सहा टोनी पारितोषिके मिळाली. संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचे टोनी मिळालेल्या ह्या पहिल्या बाई.

'अलादीन'विषयी थोडक्यात. सिनेमा १९९२चा, नाटक ब्रॉडवेवर २०१४पासून चालू आहे. कार्टूनातला जिनी क्षणाला रूप बदलतो, ते नटाला कसे जमावे? त्यांनी नादच सोडला. जाडजूड जेम्स आयगलहार्ट ह्यांना जुन्या जॅझ-गायकाच्या थाटात उभे केले आणि एकाच गाण्यात घाम निघेपर्यंत नाचवले. ॲश्मनच्या मनात जिनी तसाच होता म्हणतात. आणि आईला उद्देशून मुलाने म्हटलेले ॲश्मनचे एक गाणे, जे सिनेमातून आईसकट उडवले होते, ते त्याच्या मृत्यूनंतर २०-२२ वर्षांनी रंगमंचावर परत आले.

आता आपल्या घरची गोष्ट. 'प्रिन्स ऑफ इजिप्त' हा मोशे राबेनूंवरचा कार्टून सिनेमा १९९८च्या डिसेंबरात आला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यात मोशेची आई योखेवेद टोपलीत बाळ ठेवताना गाते, तो आवाज आपल्या ओफ्रा हाझाचा. अनेक भाषांतल्या सिनेमांसाठी तिने ते गाणे त्या त्या भाषेत म्हटले. २०००मध्ये ती गेली. गाणी स्टीफन श्वार्ट्झ ह्यांची, हेही ॲश्मनसारखेच मूळचे नाटकवाले. मिसर सोडून निघताना मुले हिब्रूत गातात, ते शब्द शिरात हायाममधले, रोज सकाळच्या तेफिल्लात आपण म्हणतो तेच. ह्या गाण्याला ऑस्करही मिळाले.

ह्याचे नाटक आधी कॅलिफोर्नियात २०१७मध्ये झाले आणि २०२०च्या फेब्रुवारीत लंडनला डोमिनियन थिएटरात मोठ्या थाटाने लागले. पुढच्याच महिन्यात कोरोनाने सगळी थिएटरे बंद झाली. २०२१च्या जुलैत पुन्हा उघडले आणि २०२२च्या जानेवारीत संपले. कोरोनाचा मार एवढा मोठा होता की ह्या नाटकाला नापास म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे चित्रण पुढे निघाले, ते आम्ही पाहिले. नाचणारी मुले आपल्या शरीरांचे रथ करतात, जळते झुडूप करतात, ते अप्रतिम आहे. मोशे आणि रामसेस ह्या दोन भावांची फारकतही चांगली धरली आहे. पण जिथे मागच्या भिंतीवर प्रकाशाची चित्रे येतात तिथे आमचे लक्ष माणसांवरून उडून भिंतीवर गेले, आणि भिंतीवर सिनेमा जास्त चांगला होता.

आणि मनात आले, मोशेचा समुद्र आम्ही ह्याहून मोठा पाहिला आहे. आपल्या बेने इस्राएल कीर्तनात! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पूर्वजांनी हरिदासांचे कीर्तन पाहून तीच पद्धत उचलली आणि मराठीत योसेफाची, मोशेची आख्याने रचली. लहानपणी आम्ही ऐकले त्यात एक कीर्तनकार, एक पेटी, एक तबला, बस्स. कीर्तनकार हात पुढे करायचे, तबला थांबायचा, सगळीकडे चिडीचूप. मग ते एक पाऊल पुढे टाकायचे, जमीन ओली आहे की कोरडी ते बघितल्यासारखे. पुढच्या रांगेतल्या बायका पाय वर घेऊन बसायच्या! पाण्याचा थेंब नाही, पडदा नाही, आणि तांबडा समुद्र दुभंगलेला. टेमोरबाई त्या रात्री आमच्या गावात असत्या तर त्यांनी इंडोनेशियाचे तिकीट काढले नसते, असे आम्ही भाचीला म्हटले. ती हसली.

हे सगळे आज लिहायचे कारणही सांगून टाकतो. येत्या पेसाखच्या आधी आपल्या हॉलमध्ये मुलांचे मोशेचे नाटक करायचे ठरले आहे. चौदा मुलांनी नावे दिली आहेत. प्रत्येकाला चार-चार वाक्ये मराठीत आहेत, बाकी गोष्ट हिब्रूत. एका उत्साही तरुणाने सुचवले की मागे मोठा पडदा लावून त्या कार्टूनातला समुद्र दाखवू, म्हणजे मुलांना काही करावे लागणार नाही. त्याची तळमळ खरी आहे, मशीनही तो स्वतःचे आणणार होता. पण आम्ही मीटिंगमध्ये विरोध केला. पडदा लागला की आजी-आजोबा पडदा बघतील आणि मुलेही पाठ फिरवून पडदाच बघतील. चार मराठी वाक्ये कोण ऐकणार? ह्या चौदांपैकी किती जण आणखी दहा वर्षांनी मराठीत एक वाक्य बोलतील, देव जाणे. ती वाक्ये तरी ऐकू आली पाहिजेत. बराच वेळ चर्चा झाली. चहा दोनदा झाला. शेवटी पडदा रद्द झाला आणि समुद्राची जबाबदारी आमच्या गळ्यात पडली.

तेव्हा भगिनींनो, ट्रंका उघडा. निळी, हिरवी, मोरपंखी पातळे हवी आहेत, एकंदर बारा. नऊवारी असली तर उत्तम, लांबी पुरते. सुती चालतील, जुनी आणि विरलेलीही चालतील. नायलॉन नको, मुलांच्या हातातून निसटते. जरीचे लग्नातले पातळ कृपा करून देऊ नका, कारण फारोचे सैन्य त्यावरून धावणार आहे आणि मग आमच्याशी भांडायला याल. प्रत्येक पातळाच्या कोपऱ्यात आपले नाव दोऱ्याने टाचून द्या, हॉस्पिटलात चादरींना नंबर घालतात तसे, म्हणजे परत करताना घोटाळा होणार नाही. आजोबांकडून फारोच्या रथांसाठी झाडूच्या चार काठ्या लागतील. तालीम दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आहे. मुलांना आधी काहीतरी खायला घालून पाठवावे.